मंगळवारचा हिशेब

भित्तिपत्रक होतं रसायनशास्त्राच्या जिन्यात:
जगाची गरिबी. दर मंगळवारी, संध्याकाळी सहा.
खोली चौदा. बिस्किटं मिळतील.
मी तिथेच उभी राहून हसले.
डंडीच्या थंडीत हसलं की दात दुखतात.

कारण आमच्याच गल्लीत, दर शनिवारी,
चर्चच्या मागच्या दाराशी अन्नाच्या पिशव्या वाटतात.
आई रांगेत असते. ओळखीचं कुणी दिसलं
की बंद फोन कानाला लावून बोलू लागते.
घरचं झालं थोडं,
आणि ही मुलं निघालीत जग सावरायला.

मी गेले ते भांडायलाच.
सात जण, एक हीटर, तोही खोकणारा.
बोचणारा प्रश्न मी बसमध्येच घोकून ठेवला होता:
आभाळ फाटलंय, तिथे तुम्ही ठिगळ कुठे लावणार?

पण सभा सुरू झाली ती मेलेल्या शेळ्यांपासून.
इनिस नावाचा खजिनदार, नाकावर घसरता चष्मा,
खाली मान घालून वाचत होता:
"मागच्या वर्षी मलावीत सतरा शेळ्या.
अकरा मेल्या.
हे आम्हाला कुणी कळवलं नाही.
चार महिने विचारत राहिलो, तेव्हा कळलं.
चूक आमची. चारा कुठून येणार
हे आम्ही विचारलंच नव्हतं."
कुणी खाकरलं नाही, कुणी सारवासारव केली नाही.
ऐल्सानं फक्त वहीत लिहिलं: अकरा.

माझा प्रश्न माझ्याच घशात अडकला.

या वर्षी रोख पैसे, तो म्हणाला,
काय घ्यायचं ते त्या बायका ठरवतील.
एकीनं पत्रे घेतले. एकीनं मुलीची फी भरली.
एकीनं पलंग.
"पलंग?" मी म्हणाले. शेवटी तोंड उघडलं ते यासाठी.
"जमिनीवर झोपून पाठ दुखते म्हणाली,"
इनिस वर बघत म्हणाला. "तुझी नाही दुखत?"

आमच्या घरी आई सोफ्यावर झोपते.
मी बिस्किट घेतलं. मऊ पडलेलं होतं.

निघताना ऐल्सानं वही माझ्या हातात दिली.
"एवढा संशय आहे ना तुला? मग हिशेब तूच तपास.
आम्हाला असंच कुणी हवंय."
खुशामत केली असती तर मी परत गेले नसते.
त्यांनी माझ्या शंकेलाच कामाला लावलं.

तीन मंगळवार बसले. सहा पौंडांची चूक सापडली
(बिस्किटंच, अर्थात). इनिस लाल झाला,
आणि सहा पौंड खिशातून टाकले.

पणजी माझी तागाची पोती शिवायची,
घरी, चुलीजवळ, गठ्ठ्याच्या दरानं.
तो ताग बंगालमधून जहाजानं यायचा;
पिकवणाऱ्याला काय मिळायचं, तिला ठाऊक नव्हतं,
शिवणारीला काय मिळतं, त्याला नव्हतं.
बोटांना भेगा पडलेल्या दोघांनाही.
आभाळ तिनं कधी शिवलं नाही.
एक पोतं शिवून झालं की दुसरं ओढायची.
म्हणून ठिगळाबद्दल हल्ली मी जरा जपून बोलते.

रांग मात्र आहे तशीच आहे. शनिवार येतोच.
"मग आपलं काय?" आईनं विचारलं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.
क्लबमध्ये विचारलं, तर मॉर्वेन म्हणाली,
शनिवारी पिशव्या उचलायला आम्ही तिघं येऊ.
आले. त्यातला एक उशिरा आला.

काल आईनं दोन पौंडांचं नाणं टेबलावर ठेवलं,
बोटानं माझ्याकडे सरकवलं.
"त्या पलंगवालीच्या शेजारणीला," म्हणाली,
आणि माझ्याकडे तशीच बघत राहिली
जशी मी त्या भित्तिपत्रकाकडे बघितलं होतं:
"पावती आणशील ना?"