हौसाक्काचं पुस्तक

निपाणीत, वखारीच्या मागच्या गल्लीत
सात जणी सुपं मांडीवर घेऊन बसायच्या.
मी आठवी, दोरा गुंडाळायला.
हौसाक्कापुढं सूप नसायचं.
तिच्या वाट्याच्या विड्या सगळ्यांनी वळायच्या
आणि तिनं वाचायचं.

पुठ्ठा गेलेलं पुस्तक,
पाठीला खळीनं चिकटवलेली लुगड्याची चिंधी.
अंगठा जिभेला लावून ती पान उलटायची
कधी एका वाक्यानंतर, कधी अख्ख्या दुपारीनंतर.
हे आमच्यातल्या कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही?

नदीकाठचं एक गाव होतं,
तिथल्या हवेला कसलाच वास नव्हता.
(इथं ताराक्का हमखास खोकायची.)
तिथं कर म्हणून झोप भरायची.
ज्याची उरली त्यानं चावडीत जमा करावी,
जिची रात्र पोराच्या तापात गेली
तिनं सकाळी ओंजळभर उसनी न्यावी.
आणि सुरंगा नावाची कोळीण, एकटी नाव चालवणारी.
तिच्या नवऱ्याला मगरीनं खाल्लं
की मगरीच्या गोष्टीनं,
ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मलव्वाला मराठी अर्धंच समजायचं,
पण हौसाक्का थांबली की तीच आधी म्हणायची,
"मुंदे? मुंदे?"

संध्याकाळी कारकून जुडीतून मूठभर विड्या उपसून
छाट म्हणून बाजूला टाकायचा.
आम्ही भांडायचं सोडून
सुरंगा पैलतीराला लागली का, ते बोलत घरी यायचो.
आई एकदा चिडली,
"या बयेच्या नादानं आपण मोजायचंच विसरलो गं."
दुसऱ्या दिवशी सगळ्यात पुढं तीच बसली.

मला कन्नड शाळेत घातलं, नोकरी लागेल म्हणून.
लागली नाही, ते असो.
हौसाक्का गेल्यावर सुनेनं पुस्तक माझ्या हातात दिलं,
"तिला सहीपुरतंच येत होतं, तुला तर वाचता येतं."

सगळं कन्नड. सरकारी छपाई.
खुराड्याची लांबी-रुंदी, पिल्लांचं खाणं,
चाळिसाव्या पानावर रोगांची यादी,
आणि प्रत्येक कोपऱ्यावर
तिच्या अंगठ्याचा तपकिरी डाग.

परवा मलव्वाकडं गेले.
चौथीपर्यंत कन्नड शिकलेली बाई,
सगळी वर्षं तिच्या उजव्या हाताला बसलेली.
"तुला ठाऊक होतं?"

ती बोळकं पसरून हसली.
म्हणाली, पहिल्याच दिवशी हौसाक्कानं विचारलेलं,
वर काय लिहिलंय गं?
मी वाचून दाखवलं, कोळी साकणे.

कोळी. कन्नडात कोंबडी.
हौसाक्काला तेवढाच एक शब्द कळला, आपल्यातला,
आणि त्याच्यासाठी तिनं नदी आणली.

मलव्वानं माझ्या हातातलं पुस्तक उघडलं,
उलटं धरलं की सुलटं, मी पाहिलं नाही.
माझ्याकडं सरकवलं.
"मुंदे?"