ग्रीस

गणपत गल्लीतली शटरं मी आवाजावरनं ओळखतो.
हासबनीसांचं खोकतं.
जवळीकरांचं अर्ध्यावर येऊन थांबतं,
विचार करतं, मग वर जातं.
कलघटगींचं पूर्वी लोण्यासारखं जायचं.
दोन वर्षं झाली, त्यांनी ग्रीस घालायला बोलावलं नाही.
तेव्हाच बायकोला म्हटलं, हे दुकान जाणार बघ.
दुकान जायचं असलं की आधी ग्रीस बंद होतं,
मग पाटीवरचा दिवा,
मग नोकर,
मग मालक एकटाच गल्ल्यावर बसून
कात्रीला धार लावत राहतो,
कापायला काही नसताना.

आठ बाय बाराचा गाळा. पागडीचा.
कलघटगींच्या आजोबांनी घेतला तेव्हा भाडं नऊ रुपये
आणि दिवाळीला मालकाच्या घरी शेरभर कुंदा.
आता मालकाचा नातू पुण्यात असतो,
फोनवर चौरस फुटांत बोलतो.
कुंदा पाठवू का म्हटलं तर
नको, शुगर आहे.

गोव्याची गिऱ्हाइकं रविवारी अजून येतात की.
गाडी लावायला जागा शोधत तीन फेऱ्या मारतात,
कापड बोटांत चोळून बघतात, फोटो काढतात,
फोटोची किंमत फोनलाच विचारतात,
आणि भाजीच्या पिशव्या भरून
घाट उतरतात.

कॉलेज रोडला चार मजल्यांची काच उभी आहे.
काचेला स्प्रिंग नसते. माझं तिथं काम नाही.
तळाला सोन्याचं दुकान, त्यावर कोचिंग क्लास,
त्यावर दोन मजले
नुसता उजेड भाड्यानं द्यायचा आहे.
पाटीवर मोठं बाडिगे, खाली बारीक भाडं.
अक्षरांच्या उंचीवरनं आमच्याकडं भांडणं होतात.
पण महिन्याच्या पाच तारखेला
दोन्ही एकाच उंचीची होऊन दारात येतात.
हे भांडणाऱ्यांना माहीत असतं,
त्यांचेही गाळे आहेत.

मे महिन्यात वडगावहून फोन आला.
यल्लोजी सांबरेकर. वडिलांपासनं चार माग.
माग गेले भंगारात, किलोवर.
जागा दिली पार्सलच्या कंपनीला.
"भरमाण्णा, मोठं शटर पायजे, मोटरवालं.
रात्रीचं चालंल, आवाज नको."
मी टेप धरला.
जमिनीत मागाचे खड्डे अजून तसेच,
विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचे.
एक पोरगा त्यात वाळू भरत होता.
यल्लोजी म्हणाले, ह्या खड्ड्यात मी चालायला शिकलो.
मग स्वतःच हसले, म्हणजे
खड्ड्यातनं वर यायला शिकलो.
भाडं किती म्हटलं.
मागावर वर्षात मिळायचं ते महिन्यात, म्हणाले,
आणि टेपचं दुसरं टोक
जरा जास्तच घट्ट धरलं.

माझं बिल झालं
अख्ख्या गल्लीच्या चार वर्षांच्या ग्रीसाएवढं.
घेतलं. का घेऊ नको?
पोरीच्या कॉलेजची फी होती.

पहिल्या रात्री चालवून दाखवायला थांबलो.
बटण दाबलं.
काहीच ऐकू आलं नाही, आणि ते वर गेलेलं.
आत खोकी, छतापर्यंत.
हाताशी होतं त्यावर पत्ता:
जवळीकर, गणपत गल्ली, दुकानाच्या वर.
नाव त्यांच्या सुनेचं.
साडी, एक नग.

मी ते खोकं होतं तसं ठेवलं.
कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून?
रंग छान असेल. स्वस्तही असेल.
सासऱ्याकडं मागायला लागत नाही,
हेही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला
जवळीकरांच्या शटरला न बोलावता ग्रीस घातलं.
दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, वरचा दांडा,
जुना गंज चिंधीनं पुसून काढला.
किती झाले, म्हणाले.
राहू द्या की, म्हटलं.
त्यांनी कुलूप काढलं, खालनं हात घातला, उचललं.

तरी ते अर्ध्यावर थांबलंच.
आम्ही दोघं खाली उभे,
माना वर करून.