सात इंच

साउथ एंडच्या फुटपाथवरचं
लोखंडी झाकण उचलून
मी फीत खाली सोडतो.
डुब्. पाणी लागलं,
गेल्या मार्चपेक्षा सात इंच खाली.

पायरीवर मिसेस हगोपियन:
"दार अडकतंय. बॉस्टनची दमट हवा,
लाकूड फुगलं असेल, नाही?"

दार नाही हो, उंबरठाच कललाय.
तुमच्या विटांच्या तळाशी स्प्रूसचे सोट आहेत,
दीडशे वर्षं बुडालेले,
बुडालेले म्हणूनच धड.
कुठलंसं फुटकं गटार
रात्रंदिवस पाणी ओढून नेतंय
आणि त्यांच्या माथ्यांना आता
हवा लागलीय.

हे सगळं मी बोलत नाही.
वहीत आकडा लिहितो.

त्या म्हणतात, "जिन्यातल्या भेगेवर
तू काचपट्टी चिकटवलीस ना,
ती काल रात्री तडकली.
मला वाटलं, मांजर."