उतारा

फॉर्मवर पहिलाच प्रश्न : बदली का हवी आहे?
शब्दमर्यादा साडेसहाशे.
ल्युसियन पेल्टिये खिडकीशी वाकून मला विचारतो,
"खरं लिहायचं, की बरं?"

मी रजिस्ट्रारच्या कचेरीतली नोएला.
निबंधातलं मला काही कळत नाही.
माझ्या ताब्यात गुणपत्रिका, आणि एक लोखंडी शिक्का,
शाई न लागणारा. दाबला की कागद नुसता फुगतो,
बोट फिरवलं तरच कळतो.

एकतीस वर्षांचा गडी.
कागदाच्या गिरणीत नऊ वर्षं बदली कामगार,
कुणी आजारी पडलं की याला फोन.
"जन्मभर बदलीच केली," म्हणतो,
"आता मागायची कशी, ते सुचेना."

गिरणी बंद पडली तेव्हा नदीचा वास गेला.
आयुष्यभर नाकं मुरडणारे लोक
नदीकाठी उभे राहून तो वास शोधायचे.
त्यानंतर हा आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजात आला.
रात्री हॉस्पिटलच्या फरश्या,
सकाळी भूगर्भशास्त्राला पहिला बाक.
आता त्याला दक्षिणेला जायचंय, टेकडीवरच्या त्या कॉलेजात,
जिथे वर्गात बाराच मुलं
आणि दार उघडतं ते शंभरातल्या चौघांना.
हॅल्वर्सनबाईंनी शिफारस दिलीय, दोन पानं, पाठपोट.
फी माफीचा कागद जोडलाय.
वेल्डिंगचे क्रेडिट तिकडे चालणार नाहीत,
दगडांचे चालतील.

अडलं एका जागी.

अकरा वर्षांपूर्वीचं एक सत्र.
चार विषय, चारही नापास,
आमच्याच कॉलेजात, माझ्याच कपाटात.
"तेवढं वगळता येईल?"
नाही येत. उतारा आहे तो, ओळ न ओळ उतरतो.

मग तो खिडकीच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत सांगतो,
"रोज यायचो मी. ट्रक पार्किंगमध्ये लावायचो.
आत यायचो नाही.
हीटर चालू, डबा मांडीवर.
बारा वाजले की घरी.
आई विचारायची, काय शिकवलं आज?
एकदा हिमयुग सांगितलं तिला. रेडिओवर ऐकलेलं."

हिरवा ट्रक.
दाराला गंज, मागच्या काचेवर हरणाचं चित्र.
मी पाहिलाय तो.
माझ्या खिडकीतून पार्किंगच दिसतं, दुसरं काय दिसणार.
अख्खा ऑक्टोबर धूर सोडत उभा असायचा,
आणि मला वाटायचं, कुणाचातरी नवरा असेल,
बायकोचा तास संपायची वाट बघत.
चांगला आहे हो, म्हणायचे मी डोरीनला,
किती वेळ थांबतो बिचारा.

हे मी त्याला सांगितलं नाही.
जीभ वळवळली, पण नाही.
एवढंच म्हटलं, "हेच लिही."
"हे?"
"साडेसहाशेत बसतं."

आज मुदत.
पाकिटात उतारा घातला, चिकटवलं, कडेवर आडवी सही केली.
शिक्का त्या चार ओळींवर थोडा चढलाय.
हात हलला असेल.
विषावर देतात त्यालाही उतारा म्हणतात,
आणि तो ज्याचा त्यालाच गिळावा लागतो;
आपण फार तर पेला पुढे करायचा.

हो की नाही, ते मे महिन्यात.
टपालाची गाडी साडेतीनला येऊन गेली.

चारला पडदा ओढायला उठले,
तर बाहेर एक लाल गाडी, इंजिन चालू,
काचा आतून वाफाळलेल्या.
सकाळी आले तेव्हाही होती की काय?

कोट चढवला. मग बूट.
पायऱ्यांवर कुणी अजून मीठ टाकलेलं नव्हतं.