गंगेचा कारकून

होळकर पुलाच्या तिसऱ्या कमानीवर
पांढरे आकडे आहेत, ते माझे.
म्हणजे दर मे महिन्यात शिडी लावून
ते मीच पुन्हा रंगवतो.
खात्याच्या कागदावर माझं पद 'मापक'.
सासुरवाडीत आणि भांडी बाजारात: गंगेचा कारकून.

धरणावरून फोन येतो, आठ हजार क्यूसेक.
मी लिहितो, वेळ टाकतो, सही करतो.
मग कचरूशेठ दुकानाच्या पायरीवरून विचारतात,
"ते क्यूसेक-बिसेक ऱ्हाऊ द्या. दुतोंड्याच्या कुठवर?"
आणि मला मारुतीच्या अंगावर भाषांतर करावं लागतं.
घोटा. गुडघा.
कंबर म्हटलं की पातेली वरच्या फळीवर चढतात,
छाती म्हटलं की कचरूशेठचं कुटुंब सिडकोला, मेहुण्याकडे.
गळा हा शब्द मी नोकरीत एकदाच उच्चारला,
तेव्हा माझाच बसला होता.
दोन तोंडं आहेत त्याला,
पण एकानेही तो आधी काही सांगत नाही.

माझ्या आधी या जागेवर पुंजाराम गांगुर्डे होते.
ते म्हणायचे, कुंडांच्या तळाला डोळे होते.
चैत्रात गंगा वरून आटायची
आणि खालून यायची,
वाळू हलायची, भात शिजताना हलतो तशी.
पुढे कुठल्याशा बैठकीत ठरलं
की भाविकांचे पाय चिखलात जाऊ नयेत.
नदीला तळ ओतला. बिल निघालं. फोटोही निघाला.
आता ती झाडता येते, पुसता येते,
पर्वणीच्या आधी पाणी सोडून भरता येते.
आवर्तन हा शब्द पूर्वी घाटावरच्या गुरुजींचा होता,
आता तो पाटकऱ्याचा आहे.
वरचे म्हणतात, आमचं धरण.
खालचे म्हणतात, आमचं पाणी.
मधल्या मध्ये आम्ही अस्थी सोडतो आणि गाड्या धुतो.

पूररेषेची निळी ओळ आखली
तेव्हा टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
साहेबांच्या बंगल्यात ती शिरली मागच्या दाराने:
स्वयंपाकघर आत, देवघर बाहेर.
त्यांनी मला टेप जरा ताणून धरायला सांगितला.
मी धरला. खोटं कशाला बोलू?

यंदा एप्रिलमध्ये एका कुंडातलं काँक्रीट फोडायचा आदेश आला.
ब्रेकरवर पेठचा रावजी भोये.
तीन दिवस नुसती धूळ आणि कानठळ्या,
घाटावरची कबुतरंसुद्धा पंचवटीकडे गेलेली.
चौथ्या दिवशी त्याने मशीन बंद केलं. अचानक.
खाली उतरला, उकिडवा बसला,
फुटक्या स्लॅबखाली कोपरापर्यंत हात घातला
आणि वर न बघता म्हणाला,
"झिरा हाय."

झिरा. आमच्या वहीत हा शब्द नाही.
त्याच्या पाड्यावर बाया वाटीने भरतात तो,
रात्रीचा नंबर लावून, टॉर्च तोंडात धरून.
त्याने भोवती दगडांचं आळं केलं,
माझ्या डब्यातली वाटी मागून घेतली.
पहिलं पाणी काढून टाकलं, सिमेंटचं, राखाडी.
दुसरंही टाकलं.
मग आम्ही बसलो.
सात-आठ माणसं, एक मुकादम, एक फुगेवाला,
एका वाटीएवढ्या खड्ड्याकडे बघत,
कुणी आजारी माणूस डोळे उघडतो का बघावं तसे.
तिसरं पाणी निवळ आलं.
रावजी प्यायला. मी नाही प्यायलो.
वरच्या अंगाला कुठला नाला येऊन मिळतो, मला माहीत आहे.
पण हात घातला. थंड होतं,
धरणातून येतं तसलं नव्हे, माठातलं असतं तसं.

आठवड्याने स्थगिती आली, कुणीतरी अर्ज केला होता.
अर्धं कुंड फुटकं, अर्धं फरशीचं,
मध्ये ते आळं, त्यात कुणीतरी वाहिलेलं झेंडूचं फूल.

मी मात्र त्या दिवशी वहीत नोंद केली होती,
शेऱ्याच्या रकान्यात, कारण दुसरा रकानाच नव्हता:
*दुपारी ४.१०. तळातून. तीन वाट्या.*
वही वर गेली आणि परत आली.
साहेबांनी 'वाट्या'भोवती लाल गोल केला आहे,
समासात एकच शब्द: एकक?

उत्तर द्यायचं आहे अजून.