किती वाव

दाजी केळुसकर टेबलावर आडवा होतो
तेव्हा आधी पंख्याकडे बघतो, मग पडद्याकडे.
'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'
ही पाटी त्याच्यासाठी नाही.

मालवणात मे महिना. मासेमारी बंद व्हायला अकरा दिवस.
जेलची बाटली मी गरम पाण्यात ठेवते,
तरी पोटाला लागताच तो म्हणतो, "गार गो!"
बरगडीखाली दोरीचा जुना वळ.
प्रोब त्यावरून जाताना किंचित अडखळतो.

"श्वास घ्या. धरा."
धरतो. इतका लांब
की 'सोडा' म्हणायचं मीच विसरते.

पडद्यावर यकृत, ओल्या पुळणीच्या रंगाचं,
शिरा ओहोटीला उघड्या पडलेल्या वहाळांसारख्या.
पित्ताशय काळं, भरलेलं, निर्दोष.
आणि उजवीकडे, मागे,
एक गोल. कडा धूसर.

मी टिंब ठेवते. दुसरं टिंब.
"खडप?"
त्याला वाचता येत असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
"माझ्या होडयेर ह्याच मशीन आसा, बाय.
आवाज खाली जाता, आपाटता, परत येता.
किती वाव?"
"वाव नाही, दाजी. साडेतीन सेंटिमीटर."
तो दोन बोटांत तेवढं अंतर धरून बघतो.
एका तिसरीएवढं.

मी चित्र गोठवते.
"थांबव नको. थांबलेलो पडदो बघीत
मी एकदा रेतयेर चढलंय."

मग मी कोल्हापूर म्हणते. सुई म्हणते.
तुकडा म्हणताना आवाज खाली जातो
आणि परत येत नाही.

"बरोबर," तोच मला समजावतो.
"पडद्यार बांगड्याची रास दिसता,
जाळा ओढूक गेलंव तर सगळी झार.
हात सुजान येतत.
खाली काय आसा, ता जाळाच सांगता."

इथे बांगडा निघाला तर बरं, की झार,
मला ठरवता येत नाही.

कागद पुरत नाही. तो खांद्यावरच्या पंचाने पोट पुसतो,
माझ्या टेबलाचीही कड पुसतो, जाता जाता.

दाराबाहेर प्रभावती, पिशवीत जुने रिपोर्ट.
"काय दिसला?"
"पाणी गढूळ."
थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग ती:
"मगे डिझेल भरूचा, काय नाय?"

पुढचं नाव पुकारायचं आहे.
प्रोब हवेत धरून
मीही ऐकत उभी.