तोलणार

काट्यावर चढायच्या आधीच म्हणाले,
"साडेएकसष्ट. बूट धरून."
काट्यानेही तेच सांगितलं.
रोज सकाळी वहीत लिहितात म्हणे,
अंगात पाणी चढलं की आधी वजनाला कळतं.

मी फॉर्म भरला: जोतीराम शेडगे, वय बासष्ट,
राहणार कोपरखैरणे,
पंपिंग पंचवीस टक्के.
व्यवसाय: तोलणार,
तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, एकतीस वर्षं.

छातीवर दहा चकत्या चिकटवल्या.
दोन ठिकाणी केस काढावे लागले,
तेवढा वेळ ते भिंतीकडे बघत राहिले.
मग मास्क. पट्ट्या डोक्यामागे आवळलेल्या.
आत जाणारा श्वास मोजायचा,
बाहेर येणाराही.
आता बोलता येणार नाही, मी म्हटलं,
म्हणून हा तक्ता. दर मिनिटाला बोट ठेवा.
सोपं. थोडं जड. जड. फार जड.

पट्टा सुरू झाला.

खिडकीत पारसिकचा डोंगर,
खाणीने खाल्लेली त्याची एक कड.
पहिलं मिनिट: सोपं.
दुसरं: सोपं.
तिसऱ्याला चढ वाढवला. पडद्यावर
श्वासांचे ठिपके एकमेकांना ढकलत वर निघाले.
बोट: थोडं जड.
चौथं: थोडं जड.
पाचव्याला गळ्याच्या शिरा तटतटून वर आल्या
आणि बोट तिथेच,
नख पांढरं होईतो दाबलेलं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं,
या माणसाने "जड" हा शब्द
केव्हाच देऊन टाकलाय दुसऱ्या कशाला तरी,
शंभर किलोच्या ओल्या तागाच्या गोणीला असेल,
नाहीतर तिच्याखाली वाकलेल्या कुणाला.
स्वतःच्या श्वासासाठी तो परत मागायला
ते तयार नव्हते.

सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी
लाल बटण मीच दाबलं.

अकरा पूर्णांक दोन.
एका मिनिटात, एका किलोमागे,
इतके मिलिलिटर प्राणवायू.
आकडा बाराच्या खाली गेला
की आमच्या डॉक्टरांचा आवाज बारीक होतो.
त्यांच्या टेबलावर एक आलेख आहे,
पायऱ्या उतरत जाणारी रेघ,
प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी.
त्यात तुर्भ्याचं कुणी नाही.
मला आकडा छापायची मुभा आहे,
वाचून दाखवायची नाही.

खुर्चीत बसून पाण्याचे घोट घेतले,
दिवसाच्या दीड लिटरातून वजा करत.
मग आपणहून बोलू लागले:
"कांद्याची मान बघायची, ताई.
बारीक, सुकल्याली मान, तर दिवाळीपर्यंत घोर न्हाई.
जाड मानेचा आतनं जातो.
वरनं साल कसली लालभडक असती!
व्यापारी इचारायचे, शेडगे, माल किती टिकंल?
मी वजन सांगायचो.
पैसं वजनाचं मिळायचं मला."

मी वायरी गुंडाळत होते.
पण कळायचं तुम्हाला?

"कळायचं की."

रिपोर्ट हातात घेताना विचारलं,
"ह्यो काटा कवा तपासला व्हता?"
आज सकाळी, मी म्हटलं, पावणेआठला.
आणि मग सांगतच सुटले:
सिलिंडरमधली मोजलेली हवा,
तीन लिटरची मोठी पिचकारी, ती किती वेळा ढकलायची,
खोलीचं तापमान, दमटपणा,
सगळं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
ते एकेका गोष्टीला मान डोलवत होते,
वजनमापवाल्या साहेबाने शिक्का मारावा तसे.

"मग बरुबर असंल," म्हणाले,
आणि कागद न उघडता खिशात ठेवला.

बुटाची नाडी बांधायला वाकले. थांबले.
मी पुढे झाले
तर बोट हलवून नको म्हणाले.
तेच बोट.
मी तक्ता पुसायला घेतला,
सावकाश, दोन्ही बाजूंनी,
नाडी बांधून होईपर्यंत.